पाटावरचा अँटेना

खंडेनवमीच्या संध्याकाळी पाच वाजता फॉर्मची मुदत संपवणारा बँकेतला तो शहाणा मला एकदा भेटायला हवा होता. वयोमर्यादेमुळे कारकुनाच्या भरतीची ही माझी शेवटची संधी होती. नवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात. कुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी ती उचलत नाही. म्हणून आठवडाभर आधीच मी आईला बजावून ठेवलं होतं, "यंदा कंप्युटर पूजेत नाय!"

फॉर्म मोबाईलवर भरता येत नव्हता आणि आख्ख्या शहापुरात दुसरा कंप्युटर मिळण्याची सोय नव्हती. समोरच्या नामाच्या सायबर कॅफेत सगळे कंप्युटर झेंडूच्या माळा घालून बसले होते आणि नामा कुलूप लावून सासुरवाडीला, म्हसा गावी गेला होता. त्याचा राऊटर तेवढा फळीवर पूजेतून सुटला होता. त्याचंच वायफाय आम्ही त्याच्या परवानगीने वापरायचो.

माझा भाऊ हर्षित कल्याणला शिकायला जातो आणि जगातलं सगळं फुकट मिळावं असं त्याचं मत आहे. महिन्यापूर्वी त्याने विंडोज काढून लिनक्स टाकलं. ते बिचारं चाललं होतं. काल याने त्याचा नवीन कर्नल, म्हणजे आतला गाभाच, चढवला आणि आज दुपारी नेट बंद.

"कॅलिब्रेशन फेल," हर्षितने स्क्रीनवरचं वाचून दाखवलं.

"मग कर ना पास!"

त्याने वायफाय कार्डाचा ड्रायव्हर काढून परत टाकला. जुन्या कर्नलवर जाऊन बघितलं. तरी तेच. शेवटी कंप्युटरचा डबा उघडायचं ठरलं, पण स्क्रू-ड्रायव्हर पाटावर कुंकू लावून बसलेला. मग रुपयाच्या नाण्याने स्क्रू फिरवून त्याने आत फुंकर मारली. धूळ माझ्या डोळ्यात गेली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि मला त्याचं डोकं फोडावंसं वाटत होतं.

आई प्रसादाची वाटी घेऊन आली. "काय झालाय त्याला?"

"आई, कार्ड आधी आजूबाजूचा आवाज ऐकतो," हर्षित म्हणाला. "किती गोंगाट हाय ते मोजतो, मग कामाला लागतो. आज मोजताच येत नाय त्याला."

"ऐकाला कान हायत का त्याला?"

"हायत की. मागं अँटेना..." तो डब्यामागे वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही.

अँटेना नव्हता. वायरसकट गायब.

आई म्हणाली, "ती काळी काडी? ती पाटावर हाय."

बाबांचा कोयता, आईचा विळा, हर्षितचा स्क्रू-ड्रायव्हर आणि शेजारी आमचा अँटेना. धुऊन पुसून, कुंकू लावून, वर झेंडूचं फूल. मी ओरडले, "तुला सांगितला होता ना, कंप्युटर नको म्हणून!"

"कंप्युटर कुठं घेतलाय? सगल्यांची हत्यारा मांडली, तुजा कायतरी नको? नेट लागाला रोज तीच काडी फिरवत बसतेस, मना वाटला हीच तुजी."

माझा राग तिथेच विरघळला आणि रडू आलं. पण घड्याळ चालू होतं. मी हात पुढे केला, तशी आई आडवी आली. "आज उचलाची नाय."

"आई, पाच वाजता मुदत संपते!"

तिने पाटाकडे पाहिलं, मग डब्याकडे. "काडी उचलाची नाय. डबा आना इकडं."

अँटेनाला हातभर वायर होती. आम्ही दोघांनी डबा, मॉनिटर, कीबोर्ड, सगळं बिऱ्हाड देवघरासमोर आणलं. काडी पाटावर जागच्या जागी. हर्षितने वायरीचं टोक डब्याला पिळलं आणि मी कोयत्यापासून पाय सांभाळत मांडी घालून बसले. या वेळी कार्डाने मोजणी नीट केली. नामाचं वायफाय दिसलं.

चार बावन्नला नोंदणी क्रमांक आला. मी तो तीनदा वाचला.

"बघ, ड्रायव्हर बरोबर होता," हर्षित म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी कोयत्याला हात घातला, तर आईने त्यांना थांबवलं. "जरा थांबा. पयला तिला तिची काडी उचलू दे."