सात भाकड मेंढ्या

सोनोग्राफीचं मशीन हातात आलं की मी कुणाचं ऐकून घेत नाही, हा माझा जुना आजार. त्या सकाळी एकशे दहा मेंढ्या तपासायच्या होत्या. आमचा दादा एकेक मेंढी पिंजऱ्यात ढकलत होता, मी तिच्या जांघेत प्रोब लावून पडद्यावर बघत होते आणि धाकटा भाऊ मी सांगेन तसा तिच्या पाठीवर रंग मारत होता. पोटात एक कोकरू असेल तर निळा, जुळं असेल तर लाल. भाकड मेंढीला रंग नाही, ती खाटकाची.

एडका कळपात सोडून साठ दिवस झालेत, असं दादानं सांगितलं होतं. साठ दिवसांचा गर्भ जांघेतून छान दिसतो. सात जणींच्या पोटात मात्र मला काहीच दिसलं नाही. त्यातल्या पहिलीला मी भाकड म्हटलं तेव्हा धाकटा जवळ सरकला.

"ताई, एक सांगायचं होतं."

"तू रंग मार. अक्कल नंतर शिकव," मी म्हटलं. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो रंगाच्या डब्याकडे वळला आणि पुढची मेंढी आली.

दुपारी खाटीक आला. शेडमध्ये त्यानं पहिली मेंढी आडवी पाडली, गुडघ्यानं दाबली आणि गळ्यावर सुरी ओढली. ती बराच वेळ पाय झाडत होती. मग तिला आकड्याला टांगून त्यानं पोट उभं चिरलं, तर आतड्यांबरोबर दोन कोकरं फरशीवर आदळली. अंगावर बारीक लोकर, पायांना खूर. एकानं दोनदा तोंड उघडलं आणि मान टाकली.

"ही भाकड?" खाटकानं मला विचारलं.

तीन-साडेतीन महिने उलटले की गर्भाशय वजनानं खाली, पुढच्या बाजूला उतरतं. जांघेतून काही दिसत नाही. म्हणजे एडका आधीच कधीतरी आत शिरला होता. दादाच्याही ते लक्षात आलं. त्यानं धाकट्याकडे नुसतं बघितलं आणि पोरानं कबूल केलं. चार महिन्यांपूर्वी त्याच्याकडून फाटक उघडं राहिलं, एडका रात्रभर कळपात होता. दादाच्या माराच्या भीतीनं तो मूग गिळून बसला होता.

दादानं फाटकाची लोखंडी दांडी उपसली. पहिला फटका खांद्यावर, दुसरा कानशिलावर. धाकटा मेंढीच्या रक्तात पडला, तर दादानं त्याला लाथांनी तुडवायला सुरुवात केली. तो मला सांगायला आला होता, हे एक वाक्य मला बोलायचं होतं. बोलले तर दांडी माझ्याकडे वळणार, म्हणून मी घाबरले. माझ्या मशीनचा तोरा कुठल्या कुठे गेला. माझा भाऊ मार खात होता आणि मी भिंतीला चिकटून उभी होते. ती लाज अजून जात नाही.

शेवटी मी ओरडले, "त्यानं मला सांगायचा प्रयत्न केला होता. मीच गप्प बसवलं."

दांडी माझ्या उजव्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

दादा धापा टाकत खाटकाला म्हणाला, "राहिलेल्या सहा काप. हिच्या मशीनला काय कळतंय?"

खाटीक जागचा हलला नाही. तेवढ्यात धाकटा सरपटत गेला आणि मेंढ्यांच्या दाराला पाठ लावून बसला. तोंडातून रक्त गळत होतं, पण तो हलेना. मी मशीन गळ्यात अडकवलं, डाव्या हातानं प्रोब घेतला, त्याच्या खांद्यावरून ते बुटकं दार ओलांडून आत गेले आणि एका मेंढीच्या बेंबीजवळ तो दाबून धरला. बरगड्या दिसल्या. मग धडधडणारं काळीज. मी पडदा दादाकडे फिरवला. तो बघत राहिला आणि त्याच्या हातातून दांडी गळून पडली.

सहापैकी पाच गाभण निघाल्या. एक खरंच भाकड होती, ती खाटीक घेऊन गेला. मी धाकट्याशेजारी बसले आणि म्हटलं, "पाच वाचल्या रे, तुझ्यामुळे." तो दाराकडेच बघत राहिला. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. त्याच्या कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर उतरली होती. मी उठून दुसऱ्या बाजूला गेले आणि त्या कानात सांगितलं, तेव्हा तो रडायला लागला.