भंगारातून वर्गात

मित्रांनो, मी एक जुना सरकता पट्टा आहे. साबणाच्या कारखान्यात, पॅकिंग विभागात माझी उमेदीची वर्षं गेली. वड्यांची खोकी पाठीवर घेऊन मी दिवसभर धावत असे. माझ्या कडेनं एक लाल दोरी होती. ती ओढली की मी जागच्या जागी थांबे.

ही दोरी नव्या माणसांना वरच्या खोलीत फक्त पडद्यावर दाखवत. एक चित्रफीत, नियमांचं वाचन आणि शेवटी सही. अर्धे लोक पेंगत, उरलेले जेवणाच्या सुट्टीची वाट बघत.

एकदा पॅकिंगच्या मावशींचा हातमोजा माझ्या रोलरमध्ये अडकला. शेजारी सकाळीच प्रशिक्षण घेऊन आलेला नवा गडी उभा होता. दोरी त्याच्या हाताशी होती, पण तो नुसता बघत राहिला. पलीकडून यंत्रं दुरुस्त करणाऱ्या फिटरकाकांनी धावत येऊन दोरी ओढली, तोवर मावशींची दोन बोटं चिरडली होती.

पुढे माझ्या जागी नवा पट्टा आला आणि मी भंगारात निघालो. तेव्हा प्रशिक्षण बघणाऱ्या ताईंनी मला मागून घेतलं.

"वर्गात हे धूड कशाला?" साहेब म्हणाले.

"त्या गड्याची सही आपल्याकडे आहे, साहेब. पण वेळेवर हात हलला नाही. मला हाताला सवय लावायचीय."

साहेबांनी भंगाराच्या यादीतून माझं नाव खोडलं. मग म्हणाले, "न्या."

माझं तेलपाणी झालं आणि मला वरच्या खोलीत उभं केलं. शिकवायला ताईंनी मावशींनाच बोलावलं. मावशी चिंध्या भरलेला हातमोजा माझ्या रोलरवर सोडत आणि म्हणत, "हा माझा हात. आता बघत बसणार का?" मग एकच धांदल उडे. कुणी ओरडे, कुणी मोजाच ओढू पाही. दोरीकडे हात आपोआप जाईपर्यंत मावशी कुणाला सोडत नसत. पेंगायची सोयच उरली नाही. फिटरकाका तेवढे फिरकले नाहीत. "मला काय शिकवताय," म्हणाले.

एका दुपारी खालची धडधड एकदम बंद पडली. पुढचं मला मावशींच्या तोंडून कळलं. सुपरवायझर तरातरा आले. "लाइन कुणी थांबवली?"

"मी," एक नवी मुलगी म्हणाली. लाल दोरी अजून तिच्या हातात होती. चालू लाइनवर वाकलेल्या फिटरकाकांचा मफलर पट्ट्यात ओढला गेला होता. काका खाली बसून गळा चोळत होते. सुपरवायझर स्वतः जाऊन काकांसाठी पाणी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी काका वर्गात आले आणि नव्या पोरांमध्ये पहिल्या रांगेत बसले.

"उठा, तुमची पाळी," मावशी म्हणाल्या.

काकांनी निमूटपणे दोरी ओढली. मी थांबलो. धावण्याचा अभिमान मला होताच, पण त्या दिवशी थांबताना ऊर भरून आला.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी कामाला लागाल. पहिल्याच दिवशी कुणी सहीसाठी नुसता कागद पुढे केला, तर पेन खाली ठेवा आणि म्हणा, "आधी मला करून बघू द्या."