ज्ञानदीप मॉडेल स्कूलची जबाबदारी

घोटीच्या पुढं आमची वाडी. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला दोन हजार तीन साली नवं नाव मिळालं: ज्ञानदीप सेमी इंग्लिश मॉडेल स्कूल. नाव एवढं लांब, की दोन खोल्यांच्या भिंतीवर मावेना. ‘स्कूल’ मुतारीवर गेलं. पिवळा रंग लागला, पोरांना इलॅस्टिकचे टाय आले. गळक्या छपराला कुणी हात लावला नाही. घोटीच्या इंग्लिश शाळेची जीप रोज वाडीतली पोरं उचलून न्यायची, ती थांबावी, एवढाच त्यामागचा हिशेब.

नामकरणाला हेडमास्तर सावळीराम सर माइकवर म्हणाले, "पालकांनी निर्धास्त राहावं. आजपासून मुलांची सगळी जबाबदारी शाळेची." टाळ्या पडल्या. असलं बोलणं हारासारखं. कार्यक्रम उरकला की खुंटीला. पण पुढं बसलेल्या भागीबाईनं ते पदरात बांधून घरी नेलं.

भात झोडून झालं की भागीबाई आणि तिचा नवरा सोमा दिंडोरीकडं द्राक्षबागेत कामाला जात, ते होळीला परत. धाकट्याला सांभाळायला थोरल्या पोरीला, रोशनीलाही नेत. गेल्या साली परत आली तेव्हा पोरगी जोडाक्षरं विसरून आली होती. यंदा ती चौथीत. पुन्हा नेली तर शाळा सुटलीच, हे भागीबाईला कुणी सांगायला नको होतं.

दिवाळीनंतर एका सोमवारी, शाळा सुटायच्या वेळेला, मजुरांचा ट्रक फाटकापुढं उभा राहिला. सर कुलूप घेऊन वऱ्हांड्यात आले, तर रोशनी टाय लावून पायरीवर बसलेली. शेजारी गोधडीची वळकटी, पत्र्याची पेटी आणि भागीबाई.

"हे काय, भागीबाई?"

"अंथरूण. भाच्याला आश्रमशाळेत असंच ठेवलं. ही तर तिच्याहून मोठी शाळा झाली ना?"

"अहो, इथं राहायची सोय नाही. पाचला आम्ही घरी जातो."

"मंग जबाबदारी किती वाजेपर्यंत हाय?"

ट्रकमधली माणसं हसली. सरांनी आवाज जरा खाली आणला. "बाई, ते भाषण होतं."

"तवा तसं नाय बोललात."

"आन तिला इकडं," सोमा वरून ओरडला. "धाकट्याला कोन बघंल?"

"पाठीला बांधीन मी." भागीबाईनं पोरीच्या केसांवरून एकदा हात फिरवला आणि ट्रकमध्ये चढली. मागं बघितलं असतं तर उतरली असती. म्हणून बघितलं नाही.

धूळ बसली तरी सरांच्या हातातलं कुलूप उघडंच.

"तुझं कुणी आहे का गं वाडीत?"

"समदी गेली."

शेवटी सरांच्या एम-एटी गाडीवर पेटी पुढं, वळकटी मागं, मध्ये रोशनी, अशी वरात घोटीला निघाली. दारात सरांच्या बायकोनं, वत्सलाबाईंनी, आधी पेटी बघितली, मग पोर.

"किती दिवस?"

"होळीपर्यंत."

"नाव बदलायची हौस कुणाला होती?" असं म्हणून त्यांनी कणकेत आणखी एक मूठ पीठ टाकलं.

नव्या नावानं एका घरात फरक पडला, हे कबूल केलं पाहिजे. ते घर सरांचं निघालं, इतकंच. रोशनी पहिले काही दिवस जेवताना रडायची. पण सकाळी सरांच्या आधी गाडीपाशी उभी असायची.

दुसरा ट्रक पुढच्या गुरुवारी यायचा होता. बुधवारी भागीबाईच्या शेजारची कुसाबाई दोन नाती घेऊन शाळेत आली आणि सरांना विचारू लागली, "गुर्जी, तुमच्या घरात खोल्या किती हाईत?"