उजवीकडे जाणारा चेंडू

मी ड्रायव्हर बोलतोय. लायसन मागू नका, माझ्याकडे ते नाही. मी गाडी चालवत नाही. गोल्फच्या खेळात पहिला आणि सगळ्यात लांबचा फटका ज्या काठीने मारतात, ती काठी म्हणजे मी. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण शिरपूर जैनजवळच्या ज्या गावात मी राहतो, तिथे मी आलो त्या आठवड्यात 'देवमन फौजीच्या पोरीनं बापासाठी ड्रायव्हर पाठवला' अशी बातमी पसरली होती. एक जण तर गाडी कोणती घेतली ते बघायला अंगणात येऊन उभा राहिला होता.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. डोकं धातूचं, आतून पोकळ, भरताच्या मोठ्या वांग्याएवढं. दांडा काळा आणि हलका, वर रबराची मूठ. डोकं आणि दांडा जिथे जुळतात तिथे माझी मान आहे, आणि ती एका छोट्या किल्लीने थोडी इकडेतिकडे फिरवता येते. जहाजातून, ट्रकमधून करत मी पुण्याच्या एका दुकानात आलो आणि काचेच्या कपाटात उभा राहिलो.

तिथे एक दिवस धम्मदीपा आली. पुण्यातल्या एका कचेरीत ती इंजिनिअर आहे. तिने मला कपाटातून काढून हातात धरलं, तेव्हाच मला कळलं की या पोरीने हे आधी केलेलं आहे. दुकानदाराने विचारलं, "स्वतःसाठी का?" ती म्हणाली, "नाही, माझ्या बाबांसाठी. त्यांचा फार जुना झालाय." एका लांब खोक्यात बसून मी वाशीम जिल्ह्यात पोचलो, तेव्हा थंडी पडली होती आणि तूर फुलावर होती.

देवमन हे माझे मालक. ते फौजेत हवालदार होते. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी एका छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर काढली. गवत कापणं, पाणी देणं, झेंडे लावणं ही त्यांची ड्यूटी. साहेब लोक यायच्या आधी पहाटे मैदानावरच्या माणसांना खेळायची मुभा होती. देवमन तिथेच शिकले, आणि त्यांच्या मागे मागे फिरणारी लहानगी धम्मदीपाही शिकली. निवृत्त होताना एका साहेबांनी त्यांना आपला जुना ड्रायव्हर दिला. तो घेऊन ते गावी आले. सोयाबीन, तूर, हरभरा करू लागले. नाल्याकाठी त्यांची एक लांबट पट्टी पडीत आहे, गवताशिवाय तिथे काही येत नाही. तिचंच त्यांनी मैदान केलं. गावातले लोक आधी हसले, मग विसरले.

देवमननी मला खोक्यातून काढलं. धोतराच्या सोग्याने पुसावं तसं त्यांनी मला खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसलं. मी आधीच स्वच्छ होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पट्टीवर गेलो. त्यांनी चेंडू ठेवला, पाय रोवले, मला मागे नेलं आणि मारलं.

चेंडू सरळ निघाला आणि मग हवेतच उजवीकडे वळत वळत शेजारच्या हेमसिंगच्या तुरीत जाऊन पडला. दुसरा तसाच. तिसराही तसाच. या खेळात याला स्लाइस म्हणतात. चेंडूला भिडताना काठीचं तोंड किंचित उजवीकडे उघडं राहिलं की असं होतं.

हेमसिंग बांधावर येऊन उभा राहिला. "अवो देवमनभाऊ, तूर फुलावर हाय. कायले मारून राह्यले तिले?"

"मी नाई मारून राह्यलो हेमसिंग, हा नवा मारून राह्यला."

त्यांनी घरून जुना ड्रायव्हर आणला आणि त्याने चेंडू मारला. सरळ गेला. झालं, माझ्यावर शिक्का बसला. पण मी त्यांच्या हातात होतो, म्हणून मला एक गोष्ट जाणवली होती. त्यांचा डावा हात मला तीनच बोटांनी धरत होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट माझ्यावर नुसती टेकलेली होती, धरत नव्हती. फटक्याच्या वेळी मी त्या हातात गरकन वळायचो आणि माझं तोंड उघडायचं. मला हे सांगता येत नव्हतं. काठीला जीभ नसते.

संध्याकाळी धम्मदीपाचा फोन आला. "बाबा, कसा हाय नवा?"

"एकदम झकास. सरळ जाते चेंडू, बाणावानी," देवमन म्हणाले. लिलाबाई, त्यांची बायको, चुलीपुढे बसली होती. तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाकरी उलथली.

त्यानंतर माझ्यावर बरेच उपाय झाले. देवमननी चेंडू डाव्या टाचेसमोर ठेवून पाहिला. उजवा पाय मागे ओढून पाहिला. मूठ वेगळी धरून पाहिली. प्रत्येक उपायाने चार दिवस बरं वाटायचं आणि पाचव्या दिवशी चेंडू पुन्हा तुरीत. त्यांचा धाकटा मुलगा संघदीप रिसोडला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला जातो. त्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. "बाबा, याची मान फिरवता येते. तोंड डावीकडं करून टाकू, म्हणजे चेंडू उजवीकडं जाणार नाई." त्याने किल्लीने माझी मान थोडी फिरवली. चेंडू काही दिवस सरळ गेला, मग पुन्हा उजवीकडे. त्याने आणखी फिरवली. शेवटी ती आणखी फिरेना, तरी चेंडू उजवीकडेच.

"मालच खराब निघाला," संघदीप म्हणाला. "पण ताईले नको सांगू."

"मी काहून सांगीन?" देवमन म्हणाले.

मी ओसरीवर एका खुंटीला टांगलेला असायचो, तिथून घर दिसायचं. चहाचा कप देवमनच्या डाव्या हातातून सुटला, तेव्हा ते म्हणाले, कपच गुळगुळीत होता. सदऱ्याची बटणं लागेनात, तेव्हा काजंच लहान शिवली म्हणाले. लिलाबाई बटणं लावून द्यायची. एकदा ती म्हणाली, "अवो, दवाखान्यात दाखवा एकडाव." तर तिच्यावर खेकसले, "साठीले आलो मी. हात काय जवान राह्यते काय?" माणसाला दुखलं तर तो बोलतो, पण कमी झालेलं लपवतो, हे मी त्या ओसरीवर शिकलो.

मग ती सकाळ आली. तूर निघून गेली होती. हेमसिंगच्या वावरात त्याची बायको रुपाबाई सरपणासाठी तुराट्यांच्या पेंढ्या बांधत होती. देवमननी त्या दिवशी जोर लावायचं ठरवलं होतं. मला त्यांनी पूर्ण मागे नेलं, खाली आणलं, आणि चेंडूला लागायच्या आत मी त्यांच्या हातातून सुटलो.

मी गरगरत हवेतून गेलो. खाली रुपाबाईची हिरवी ओढणी दिसली. तिच्यापासून हातभर अंतरावर मी पेंढीत घुसलो. ती मटकन खाली बसली.

देवमन धावत आले. "वहिनी, लागलं काय? लागलं काय तुमाले?"

रुपाबाईने पेंढीत घुसलेल्या माझ्याकडे पाहिलं. "नाई लागलं," ती म्हणाली. "पण डोक्यात बसलं असतं तर, भाऊ?"

हेमसिंग आला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने मला पेंढीतून उपसलं, देवमनच्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाला, "भाऊ, आता बस करा."

देवमननी बस केलं. मी खुंटीला लागलो आणि माझ्यावर धूळ चढू लागली. फोनवर मात्र चेंडू सरळच जात राहिला.

एप्रिलमध्ये जयंतीला धम्मदीपा घरी आली. गावात निळे झेंडे लागले होते, मिरवणूक संध्याकाळी होती. सकाळी चहा झाल्यावर तिने मला खुंटीवरून काढलं आणि माझ्यावरची धूळ बोटाने पाहिली.

"बाबा, किती दिवस झाले खेळले नाई तुमी?"

मग देवमन म्हणाले, "पोरी, खोट हाय त्याच्यात. चेंडू उजवीकडं फेकते. तुले वाईट वाटन म्हणून सांगतलं नाई."

तिला वाईट वाटलंच. पण ती म्हणाली, "चला, पाहू तरी." सगळे पट्टीवर आले. हेमसिंगच्या वावरात कोणी नाही हे देवमननी दोनदा पाहून घेतलं. धम्मदीपाने ओढणी कमरेला बांधली, मला धरलं आणि मारलं. चेंडू डावीकडे, पार नाल्यात गेला.

ती माझ्याकडे बघत राहिली. "याची मान कोणी फिरवली?"

संघदीपने हात वर केला. तिने त्याच्याकडून किल्ली घेऊन मान मूळ जागी आणली आणि पुन्हा मारलं. चेंडू सुताने आखल्यासारखा सरळ गेला. दुसरा मारला, तोही सरळ. तिला आनंद झाला. "पाहा बाबा! काई खोट नाई याच्यात! जुन्याचं तोंड घासून घासून डावीकडं वळलं हाय, म्हणून तो चुकीचा फटकाबी सरळ..."

ती मागे वळली आणि थांबली. देवमन चेंडूकडे बघतच नव्हते. ते आपल्या डाव्या हाताकडे बघत होते.

"मंग खोट..." ते म्हणाले.

लिलाबाई पुढे झाली. "सदऱ्याचे बटनं कोण लावून राह्यलं, सांगा ना आता तिले."

धम्मदीपाने मला गवतावर ठेवलं. बापाचा डावा हात हातात घेतला, उघडला, उलटा केला. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधला भाग खोलगट झाला होता, आतलं मांस सुकल्यासारखं. तिने आपली दोन बोटं त्यांच्या करंगळीखाली ठेवली.

"बाबा, दाबा."

"दाबून राह्यलो."

"बाबा, दाबा ना जोरात."

"जोरातच दाबून राह्यलो, पोरी."

तिने हात सोडला नाही. त्या संध्याकाळी चौघंही मिरवणुकीला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती वडिलांना अकोल्याला घेऊन गेली.

पुढचं मला देवमन हेमसिंगला सांगत होते तेव्हा कळलं. नोकरीत असताना ते एकदा ट्रकवरून पडले होते आणि डाव्या कोपराचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण वाकडं. त्याच्या कडेने बोटांकडे जाणारी नस इतकी वर्षं तिथे घासत होती आणि आता दबली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू. ताकद थोडी परत येईल, सगळी नाही. आणखी थांबला असतात तर ही दोन बोटं गेलीच होती.

"म्हणजे माझ्या तुरीनं हात वाचवला तुमचा," हेमसिंग म्हणाला.

"तुह्या तुरीनं नाई, तुह्या बायकोच्या नशिबानं," देवमन म्हणाले. मग ते उठून रुपाबाईकडे गेले आणि तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. तेव्हा त्यांच्या डाव्या हाताला ऑपरेशनची पट्टी होती, म्हणून हात नीट जुळत नव्हते. रुपाबाई म्हणाली, "राहू द्या भाऊ. चहा घ्या."

पावसाळाभर मी खुंटीवर होतो. हातावरची पट्टी निघाल्यावर डॉक्टरांनी बोटांचा व्यायाम सांगितला होता, रबराचा गोळा दाबायचा. लिलाबाईने तो गोळा बाजूला ठेवला आणि नवऱ्यापुढे परात सरकवली. "डाव्या हातानं मळा. उजवा लावाचा नाई." मग रोज ज्वारीचं पीठ देवमन मळू लागले. सुरुवातीला पीठ परातीबाहेर जायचं आणि भाकरी चिरायच्या. संघदीप मुकाट्याने खायचा.

हेमसिंग दारातून विचारायचा, "काय फौजी, थापता काय भाकरी?"

"अजून मळण्यावरच हाय. थापाचं प्रमोशन नाई झालं."

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांनी मला खाली घेतलं. जुन्या ड्रायव्हरकडेही हात गेला होता, हे मी पाहिलं. त्याच्याने पहिलाच चेंडू सरळ गेला असता. पण त्यांनी मलाच घेतलं. पट्टीवर गेल्यावर ते आधी तुरीकडे पाठ फिरेल अशा दुसऱ्या टोकाला गेले. उजवीकडे वळला तरी चेंडू आता नाल्यात जाणार होता. मनगटाला त्यांनी एक दोरी बांधली आणि माझ्या मुठीला अडकवली. डाव्या हाताची पकड थोडी वरून घेतली. मग पूर्ण नाही, कमरेपर्यंतच मला मागे नेलं आणि हळू मारलं.

चेंडू जेमतेम पट्टीवरच्या जवळच्या बाभळीपर्यंत गेला. थोडा उजवीकडे. पण फटक्याच्या वेळी मला काहीतरी जाणवलं. करंगळी. फार जोर नव्हता, पण तिने मला धरलं होतं.

त्या हिवाळ्यात आम्ही कमरेपासून खांद्यापर्यंत पोचलो. पूर्वीसारखा लांब चेंडू आता जात नाही आणि जाणारही नाही. दहातले सहा-सात सरळ जातात, बाकीचे जरा उजवीकडे कलतात. यंदा पलटणीतल्या जुन्या मित्रांनी छावणीच्या मैदानावर खेळ ठेवला होता, तिथेही मला नेलं. आम्ही शेवटून दुसरे आलो. एक सरदारजी म्हणाले, "देवमन, तू तो बहोत लंबा मारता था!" देवमन हसले. "मारता था साब. अब गेंद ढूँढनी नहीं पडती."

आता माझ्या डोक्यावरचा रंग उडालाय, तळाला खडे घासलेत. नवा म्हणून कोणी मला ओळखणार नाही. तक्रार नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात कोणी बाप, आई, काका एखाद्या वस्तूला नावं ठेवू लागला, कप गुळगुळीत आहे, बटण लहान आहे, काठी वाकडी आहे असं म्हणू लागला, तर वस्तू खुशाल बदला. पण त्याआधी त्यांचा हात एकदा आपल्या हातात घ्या आणि म्हणा, दाबा.

उन्हं वर आलीत. देवमन चेंडूंची पिशवी घेऊन निघालेत, आणि आज सोबत लिलाबाईही आहे. "मलेबी एक मारू द्या," म्हणतेय. ती मला कसं धरणार, कुणास ठाऊक. निघतो मी.