धक्क्यावरचा मासा

युन्नानची पलटण आमच्या लुचौ गावात जावयासारखी राहिली: खायला पुढे, कामाला मागे. मग तिला हाकलायला आमची सेच्वानची फौज आली आणि उरलंसुरलं तिनं नेलं. मला दोघांचीही चीड. पण त्या पलटणीतला एक माणूस मला फार आवडायचा, माझी भाची लानशिन हिचा नवरा देशुन. बंदूक टाकून तो माझ्या टोफूच्या दुकानात जातं ओढायचा आणि बायकोच्या शब्दाबाहेर नसायचा.

आता फौज मागे राहिलेले युन्नानी हुडकून मारत होती. नदीच्या धक्क्यावर शिपाई मासा उचलून विचारायचे, "हे काय?" माशाला आम्ही म्हणतो "यू." युन्नानी माणसाच्या ओठांचा चंबू होत नाही, तो म्हणतो "यी."

लानशिनला नवऱ्याला पैलतीरी माहेरी न्यायचं होतं. ती त्याला शिकवायला बसली.

"ओठ पुढे काढ. मुका घेतोस तसे!"

"मावशींसमोर?"

"मावशी गेली चुलीत! म्हण!"

मीही हसत हसत डोळे पुसले. अखेर त्याला जमलं.

धक्क्यावर मी सोबत होते. शिपायानं मासा धरला.

"यू," देशुन स्वच्छ म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. शिपायानं खुशीत मासाच त्याच्या हातात दिला. "घेऊन जा, भाऊ. काय वहिनी, आज काय शिजणार मग?"

लानशिन कित्येक दिवसांनी मोकळी हसली. "यी!"

नवऱ्याला चिडवता चिडवता त्याचाच शब्द तिच्या तोंडी बसला होता. घरात ती माशाला दुसरं काही म्हणतच नसे.

शिपायाचं हसू मावळलं. "बोलणं तर लुचौचं. मग हे कुणाकडून शिकलीस?"

त्यानं तिचा दंड पिरगळला तसा देशुन पुढे झाला. "माझ्याकडून. तिला सोडा."

दुसरे दोन शिपाई देशुनला पायऱ्यांखाली घेऊन गेले. लानशिननं मासा देणाऱ्या शिपायाचे पाय धरले. "मी चुकले हो! त्यानं बरोबर म्हटलं होतं. तुम्ही ऐकलंत ना? त्यानं बरोबर म्हटलं होतं!"

"ऊठ, ताई," तो अगदी मायेनं म्हणाला. "तुला कोण काय करतंय? तू आपलीच."

खालून गोळीचा आवाज आला. ती मात्र अजून शिपायाला पटवून देत होती, की त्यानं बरोबर म्हटलं होतं.