पाचवी खुंटी

शिवप्पा सदरेच्या भिंतीकडं टक लावून उभा राहिला, तो तिसरा दिवस. पार्वतम्मानं जाळीआडून पाहिलं आणि तिच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली.

लोहाऱ्याजवळच्या त्या गढीत सदर म्हणजे सगळं काही. सकाळी तिथं गावचे तंटे तुटायचे आणि दुपारी तिथंच घरातले पुरुष जेवायला बसायचे. भिंतीला पाच खुंट्या होत्या. खुंटीला ज्याची त्याची अडणी, म्हणजे ताट ठेवायची लाकडी तिवई. माणूस परगावी गेला तर त्याची अडणी खुंटीवरच राहायची, तिला दुसरं कुणी हात लावायचं नाही.

साल अठ्ठेचाळीस. पार्वतम्माचा धाकटा भाऊ भीमाशंकर निजामाच्या पोलिसांना हवा होता. सरकारी शिंदीची झाडं तोडून पोरानं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका जाळला होता. सापडला असता तर जिवंत परतला नसता, इतकं सरळ होतं ते. काका गुरुसिद्धप्पांनी गावभर सांगून ठेवलं होतं, की तो दोन महिने झाले सोलापुरात आहे. खरं म्हणजे तो सदरेच्याच खाली, धान्याच्या बळदात बसला होता. हे ठाऊक होतं फक्त काकांना आणि पार्वतम्माला. ताट तीच न्यायची. अडणीशिवाय तो घास घेईना, म्हणून चार दिवसांपूर्वी तीही तिनंच लाडानं नेऊन दिली होती.

आणि हा शिवप्पा. तीस वर्षं सदरेत जेवण वाढणारा माणूस, पण अलीकडं भलताच गप्प झालेला. काल तर तो विहिरीवर चौकीच्या शिपायाशी हळू आवाजात बोलताना तिनं स्वतः पाहिला. शिपायाशी एवढं काय बोलायचं असतं वाढप्याला?

सकाळी तो चुलीपाशी आला.

"अक्का, येक बोलायचं हुतं. भीमण्णाचं."

त्या नावानं तिच्या अंगाचा भडका उडाला. भीमण्णाशी तुझं काय काम, असं म्हणून तिनं त्याला पुढं बोलूच दिलं नाही. काकांनाही न विचारता तिनं त्याला कामावरून काढलं आणि आजच्या आज गाव सोडायला सांगितलं. शिवप्पानं वाद घातला नाही. एवढी वर्षं जिथं वाढलं त्या सदरेला नमस्कार करून येतो, एवढंच म्हणाला. बोचकं काखेत मारून आत गेला आणि लगेच बाहेर आला. देवडीत पार्वतम्मानं ते बोचकं सोडायला लावलं. दोन धोतरं, ताट, तांब्या, विभूतीचा गोळा. चोरीचं काही नव्हतं. त्यानं मान खाली घालून गाठ मारली आणि तो निघून गेला. पीडा टळली, असं तिला वाटलं.

दुपारी पानं मांडायच्या आधीच चौकीचे अमीनसाहेब चार शिपाई घेऊन आले. म्हणजे शिवप्पानं डाव साधलाच, असं म्हणत तिनं जाळी घट्ट धरली. अमीनांनी घराची झडती घेतली नाही. ते लोडाला टेकले, सरबत प्याले आणि भिंतीकडं बघत बसले.

"आळंदला सहा साल काढले मी, देसाई," ते काकांना म्हणाले. "परगावी गेलेल्याची अडणी खुंटीवर असते. घरी जेवणाऱ्याची जागा बदलली, की तीपण हलते."

हे पार्वतम्माच्या लक्षातच आलं नव्हतं. अमीन उठले आणि बोटानं मोजू लागले. एक, दोन, तीन, चार. मग थोडं थांबून म्हणाले, पाच. खबर खोटी होती, असं पुटपुटत ते शिपायांना घेऊन निघून गेले.

पाच कशा असतील? एक तर खाली बळदात होती. घोड्यांच्या टापा लांब गेल्यावर ती धावत सदरेत आली. पाचव्या खुंटीवरच्या अडणीचा एक पाय सुतळीनं बांधलेला होता. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, शिवप्पाच्या ताटाखाली ती तिनं तीस वर्षं पाहिली होती.

लाजेनं ती तिथंच खाली बसली. बोचक्यात ताट होतं, अडणी नव्हती. आणि ते बोचकं तिनंच सोडायला लावून पाहिलं होतं.