सहा खिडक्यांची पेटी

ऐकता का जरा? मी सहा खिडक्यांची पेटी बोलतेय.

मुंबईच्या एका कारखान्यात पत्रा ठोकून मला घडवलं. पुढे सहा दुधी काचा, दर काचेमागे एक दिवा, आणि दर दिव्याला कुठल्या तरी यंत्राकडून आलेली तार. काचांवर शब्द आधीच रंगवून ठेवलेले: ‘पाणी कमी’, ‘सरकी अडकली’, ‘पट्टा सुटला’, असे. यंत्राचं काही बिनसलं की घंटी वाजायची, दिवा लागायचा आणि पुढची काच बोलायची. खरं सांगते, मला स्वतःला काही कळत नाही. जी काच लावाल, तीच मी दाखवणार.

एकसष्ट साली मी अकोल्याच्या एका तेलगिरणीत आले. सुपरवायझर कमलाकांतबाबूंच्या टेबलासमोर मला टांगलं. माझी धूळ पुसायची मनकर्णाबाई. तिला अक्षरओळख नव्हती. तिचा नवरा देवमन अंगणापलीकडे बॉयलरवर होता. उघड्या दारातून मला तो दिसायचा.

मला बसवणाऱ्या मिस्त्रीला तिने एकदाच विचारलं, "दादा, माह्या घरधन्याची खिडकी कोणती?"

त्याने वरच्या ओळीतली तिसरी दाखवली. "बॉयलरातलं पाणी उतरलं की ही लागते. मग भट्टीतली आग बाहेर ओढायची. नाहीतर बॉयलर फुटते."

तेव्हापासून तिसरी खिडकी ती पदराने दोनदा पुसायची. बाकीच्या कोणाच्या, ते कुठली लागली की कोण कुठे धावतं हे बघून तिने पाठ केलं.

तीन वर्षं गेली. दसऱ्याला ती आणि देवमन नेहमीसारखे नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. इकडे खंडेनवमीला यंत्रं धुतली, झेंडू वाहिले. कोणाला तरी माझीही माया आली. त्याने काचा काढल्या, राखेने घासल्या आणि हाताला येतील तशा बसवल्या. हळदीकुंकू लावून मी झकास दिसत होते, पण तिसऱ्या खिडकीत आता ‘सरकी अडकली’ होतं. सांगायला मला तोंड कुठे?

ते दोघं परतले, आणि दुसऱ्याच दिवशी भर दुपारी घंटी वाजली. तिसरी खिडकी लागली.

कमलाकांतबाबूंनी चष्मा सावरला. "सरकी अडकली. जा रे चौघं चाळणीवर!"

मनकर्णाबाईने झाडू टाकला. "सरकी नाही, बाबू. बॉयलरचं पाणी उतरलं."

"वाचता येतं का तुला? काय लिहिलंय ते?"

"नाही येत. पण खिडकी कोणाची हाये, हे येते. काच कोणीबी बदलवीन. तार कुठून आली ते पाहा ना!"

"तुझं काम कर, बाई."

"करीन. आधी आग ओढू द्या."

आणि ती धावलीच. देवमन फावड्याने कोळसा टाकत होता.

"अवो, आग ओढा!"

"काहून? काचेच्या नळीत पाणी अर्धं दिसून राह्यलं."

"दिसू द्या. तिसरी लागली हाये!"

देवमनने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि बॉयलरचं पाणी तपासायची तोटी फिरवली. पाणी यायला हवं होतं. नुसती वाफ सुसाटली. आमच्या खारपाण पट्ट्यातलं पाणी ते! नळीचं तोंड क्षाराने बुजलं होतं, आत जुनंच पाणी अडकून दिसत होतं. मग देवमन लांब आकड्याने निखारे बाहेर ओढत गेला, ती घमेल्याने त्यांवर माती टाकत गेली.

बॉयलर थंडावला. देवमन नळीचं तोंड खरवडायला बसला.

कमलाकांतबाबू माझ्यासमोर उभे होते. तेच शब्द परत परत वाचत होते. शेवटी म्हणाले, "मनकर्णाबाई, कोणती खिडकी कोणाची, सांगा."

ती बोट ठेवत गेली, ते काचा बदलत गेले. तीन चुकल्या होत्या.

"आता चित्रंबी काढवा," ती म्हणाली. "पाण्याले घागर, पट्ट्याले पट्टा. पण काचेवर नाही, खालच्या पत्र्यावर. काच निघते, पत्रा निघत नाही."

पेंटर आला, तिने समोर बसून चित्रं काढून घेतली.

आता एकोणसत्तर साल आहे. बारा खिडक्यांची नवी पेटी आली आणि मी गोदामात पडलेय. काचा गेल्या, दिवे गेले. तिसऱ्या खिडकीखालची घागर तेवढी उरलीय. माझं एवढंच मागणं आहे: नवीच्या काचा खुशाल धुवा, पण बसवताना मनकर्णाबाईला हाक मारा.

मला उतरवलं त्या दिवशी ती नव्या पेटीपुढे उभी होती. मिस्त्री हत्यारं आवरत होता. तिने त्याची वाट अडवली.

"दादा, जाऊ नका. आधी सांगा, माह्या घरधन्याची खिडकी कोणती?"